समुद्राकडची खिडकी आणि तिचा हिशेब

तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदियात पाण्याचे अप्रूप नाही. अप्रूप आहे ते समुद्राचे. नवेगावबांध आणि इटियाडोहचे पाणी पाहत वाढलेल्या माणसाला पैलतीर दिसण्याची सवय असते. ज्या पाण्याला पैलतीरच नाही, ते पाहण्यासाठी मुर्रीच्या माणसाला रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून मुंबई गाठावी लागते. म्हणूनच गोंदिया शहराला लागून असलेल्या या गावात, धानाच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या एखाद्या घरात, आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने क्रूझचा विषय निघाला, तर त्यामागे केवळ हौस नसते. ज्यांनी आयुष्यभर गल्ला आणि वखार सोडली नाही, त्यांना एकदा समुद्र दाखवावा, ही मुलांची इच्छा असते.

ही इच्छा आता पूर्वीइतकी दुर्लभ राहिलेली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसने ‘एम्प्रेस’ या जहाजाच्या देशांतर्गत सफरी मुंबईहून सुरू केल्या. फ्रान्समधील सेंट-नाझेर येथे बांधलेले आणि १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने सेवेत आलेले हे जहाज सुमारे २११ मीटर लांब असून त्यात आठशेच्या आसपास केबिन आहेत. आरक्षणाच्या वेळी एजंट दरपत्रक पुढे ठेवतो, तेव्हा त्यात साधारणतः चार पायऱ्या दिसतात : खिडकी नसलेली आतली केबिन, खिडकी असलेली समुद्राकडची केबिन, स्वतंत्र सज्जा असलेली केबिन आणि सर्वांत वर स्वीट. मध्यमवर्गीय आणि व्यापारी कुटुंबांचा खरा प्रश्न पहिल्या दोन पायऱ्यांमधला असतो. खिडकीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, आणि मोजायचे तर कोणासाठी?

या प्रश्नात काळाचा एक गमतीदार उलटफेर दडलेला आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला ‘कोकण सेवक’ व ‘कोकण शक्ती’ या प्रवासी बोटी जात. तेव्हा कमी भाड्याचा उतारू डेकवर वळकटी पसरून बसे. त्याला वारा आणि समुद्र फुकट मिळत, आणि जादा पैसे मोजणाऱ्याला बंद खोली मिळे. आज बंद खोली सर्वांत स्वस्त आहे आणि समुद्राचे दर्शन विकत घ्यावे लागते. विकत घ्यायची वस्तू म्हटली की तिचा कस पाहणे आलेच. पोत्यात लोखंडी सळी खुपसून धानाचा नमुना तळहातावर घेतल्याशिवाय जो व्यापारी भाव बोलत नाही, त्याने रंगीत छायाचित्र पाहून केबिन ठरवू नये.

प्रथम खिडकीतून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे स्पष्ट असावे. समुद्राकडच्या केबिनची खिडकी उघडत नाही. तिच्यातून प्रकाश आणि दृश्य मिळते, वारा मिळत नाही. हवा वातानुकूलन यंत्रणेचीच असते. खालच्या मजल्यांवर ही खिडकी बहुधा गोल आणि लहान असते, व समुद्र फार खवळल्यास तिच्यावरील लोखंडी झाकण कर्मचारी बंद करू शकतात. वरच्या मजल्यांवर ती चौकोनी आणि मोठी असते. ‘एम्प्रेस’सारख्या जुन्या बांधणीच्या जहाजावर साधी केबिन साधारण शंभर ते दीडशे चौरस फुटांची असते, म्हणजे खिडकी आली तरी खोली फार मोठी होत नाही. मात्र आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की दुपारी बारा वाजताही मध्यरात्र होते. तरुणाला त्यात गाढ झोप लागते. ज्यांचा दिवस पहाटेच्या उजेडाने सुरू होतो, अशा सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मात्र ती खोली कोंडल्यासारखी वाटू शकते.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत; प्रत्यक्ष दर हंगामानुसार बदलतात. दोन रात्रींच्या सफरीत आतल्या केबिनचे भाडे माणशी २०,००० रुपये आणि खिडकीच्या केबिनचे २६,००० रुपये आहे, असे धरू. दोघांसाठी खिडकीची किंमत १२,००० रुपये झाली. ही किंमत रात्रींवर वाटणे चुकीचे ठरेल, कारण काळोखात खिडकी निरुपयोगी असते. ती दिवसाउजेडी केबिनमध्ये घालवलेल्या तासांवर वाटावी. तरुण दांपत्य दिवसभर डेकवर, भोजनगृहात आणि करमणुकीच्या कार्यक्रमांत असते. सबंध सफरीत ते उजेडात दोन तास खोलीत थांबले, तर खिडकी तासाला ६,००० रुपयांना पडली. वृद्ध दांपत्य दुपारी विश्रांती घेते, सकाळी सामायिक करते, गर्दी आणि संगीताचा गोंगाट टाळते. ते दहा तास थांबले, तर तीच खिडकी तासाला १,२०० रुपयांना पडते. वस्तू एकच, भाव एकच; फरक केवळ वापराचा. सफर जितकी लांब, तितका हा फरक वाढत जातो.

यावरून एक सोपा मार्ग निघतो. अनेक जहाजांवर मार्गिकेच्या एका बाजूला समुद्राकडच्या आणि समोरच्या बाजूला आतल्या केबिन असतात. आई-वडिलांसाठी खिडकीची केबिन आणि मुलगा-सुनेसाठी तिच्या अगदी समोरची आतली केबिन घेतली, तर वरच्या उदाहरणात एकूण भाडे ५२,००० अधिक ४०,००० म्हणजे ९२,००० रुपये होते. दोन्ही केबिन खिडकीच्या घेतल्या असत्या, तर ते १,०४,००० झाले असते. बारा हजार वाचतात, आणि सकाळचा चहा घेताना सारे कुटुंब एकाच खिडकीशी बसू शकते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला एक खिडकी चौघांत वाटून घेणे शिकवावे लागत नाही. चौघे एकाच खोलीत राहू शकतील अशा केबिनही असतात आणि तिसऱ्या-चौथ्या व्यक्तीचे भाडे बहुधा कमी लागते. परंतु तेथे वरची शय्या शिडीने चढून गाठावी लागते आणि स्नानगृह एकच असते. नातवंडांना ते चालते, गुडघे दुखणाऱ्यांना नाही.

दर्जा ठरल्यानंतर जागा ठरवावी लागते, आणि येथे अनेक कुटुंबे गाफील राहतात. दर्जाला पैसे पडतात. त्याच दर्जातील चांगली जागा मात्र पुष्कळदा त्याच भाड्यात किंवा थोड्या फरकाने मिळते. विदर्भ एक्स्प्रेसने वर्षानुवर्षे मुंबईला खरेदीसाठी जाणाऱ्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. डब्याच्या मध्यावरचा बर्थ आणि शौचालयालगतचा बर्थ यांचे तिकीट सारखेच असते, पण रात्र सारखी जात नाही. चाकांवरच्या जागेला जास्त धक्के बसतात, मधल्या जागेला कमी.

जहाजाचेही तसेच आहे. लाटांवर जहाज पुढून मागे झोके घेते, तेव्हा लहान मुलांच्या सी-सॉप्रमाणे दोन्ही टोके सर्वाधिक वरखाली होतात आणि मध्य जवळजवळ स्थिर राहतो. ते दोन्ही बाजूंना डोलते, तेव्हा उंच मजल्यांवर डोलणे अधिक जाणवते. म्हणून ज्यांना घाटातल्या बसमध्ये मळमळते, त्यांनी जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची, खालच्या किंवा मधल्या मजल्यावरची केबिन मागावी. खालच्या मजल्यावरील केबिनचे भाडे बहुधा कमीही असते. अधिक उंच म्हणजे अधिक चांगले, हा इमारतीचा नियम समुद्रावर लागू पडत नाही. येथे स्वस्त आणि सुखकर या दोन गोष्टी एकाच ठिकाणी सापडतात, आणि व्यवहारात असा योग क्वचितच येतो.

दुसरी कसोटी आवाजाची. प्रत्येक मजल्याचा नकाशा कंपनीकडे किंवा एजंटकडे उपलब्ध असतो. तो मागून घ्यावा आणि निवडलेल्या केबिनच्या वर, खाली व शेजारी काय आहे ते पाहावे. वर जलतरण तलावाचा डेक असेल तर भल्या पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा नृत्यशाला असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोलाचे ठोके जाणवतात. पुढच्या टोकाशी नांगराच्या साखळीचा खडखडाट ऐकू येतो, मागच्या टोकाशी यंत्रांचा कंप जाणवतो. जिच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच आहेत, ती खोली सहसा सर्वांत शांत असते. उद्वाहनापासून फार दूरही नको आणि अगदी त्याच्या दारातही नको. वृद्धांसाठी पाच-सहा दारांचे अंतर पुरेसे.

तिसरी कसोटी खिडकीसमोर काय आहे याची. काही मजल्यांवर खिडकीबाहेर जीवरक्षक नौका टांगलेल्या असतात. अशा केबिनला ‘अडलेल्या दृश्याची केबिन’ म्हणतात आणि तिचे भाडे कमी असते. ज्याला अखंड क्षितिज पाहायचे आहे, त्याने ती टाळावी. ज्याला केवळ दिवस उजाडल्याचे आणि मावळल्याचे कळले म्हणजे पुरे, त्याच्यासाठी ती उत्तम खरेदी ठरू शकते. मात्र दृश्य थोडे अडले आहे की पूर्ण, हे केबिनच्या क्रमांकासह विचारून घ्यावे.

डावी बाजू की उजवी, यावर फार काथ्याकूट नको. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना जहाजाच्या डाव्या बाजूला कोकणची किनारपट्टी आणि सूर्योदय असतो, उजवीकडे मोकळा समुद्र आणि सूर्यास्त. परतीच्या वाटेवर हे उलटे होते, म्हणजे दोन्ही बाजूंना आपापला वाटा मिळतो.

सूर्याचा उल्लेख आला की जैन कुटुंबांना एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागेल. मुर्री मुंबईच्या बरीच पूर्वेला आहे. त्यामुळे मुंबईत सूर्य घरच्यापेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा उगवतो आणि तितक्याच उशिरा मावळतो. गोंदियाच्या वेळा पाठ असलेल्या व्रतस्थ माणसाने नवकारशी त्या घड्याळावर पाळली, तर सकाळी अर्ध्या तासाची घाई होईल. चौविहार मात्र अर्धा तास आधीच होईल. जहाजावर स्थानिक वेळ विचारून घ्यावी; आणि खिडकी असेल तर आकाश स्वतःच सांगते. जहाजावर रात्रीचे भोजन बहुधा सूर्यास्तानंतर सुरू होते. मुंबईहून सुटणाऱ्या या जहाजावर जैन भोजनाची सोय असते. पण कंदमूळविरहित जेवण आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली मान्य झाली म्हणजे दुसरी आपोआप मान्य झाली असे समजू नये. दोन्ही आरक्षणाच्या वेळीच लेखी नोंदवाव्यात.

किमतीविषयी शेवटचे काही. दरपत्रकावरील भाडे बहुधा ‘माणशी, दोघे एका केबिनमध्ये’ असे असते. एकट्या प्रवाशाला त्याहून बरेच जास्त द्यावे लागते. मूळ भाड्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी यांची भर पडते. म्हणून दोन प्रस्तावांची तुलना करताना सर्व आकारांसह अंतिम रक्कम विचारावी आणि रद्द केल्यास किती दिवस आधी किती परत मिळेल, हे वाचून मगच पैसे भरावेत. ‘केबिन क्रमांक नंतर कळवू’ या अटीवरचा स्वस्त दर दिसला, तर त्यात जागा निवडण्याचा हक्क आपण विकतो आहोत हे ध्यानात असावे. दोन तरुण मित्रांना तो परवडतो. दोन केबिन समोरासमोर हव्या असलेल्या कुटुंबाला नाही.

ऋतूही पाहावा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, आणि चातुर्मासात अनेक कुटुंबे तसाही प्रवास टाळतात. दिवाळीनंतरचे महिने दोन्ही दृष्टींनी बरे. गोंदियाहून दुपारी निघणारी विदर्भ एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि तेथून बॅलार्ड पिअरचे क्रूझ टर्मिनल अगदी जवळ आहे. तरीही जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी मुंबईत पोहोचणे शहाणपणाचे. रेल्वेला उशीर झाला तर पुढची गाडी मिळते. जहाज थांबत नाही.

एवढी चौकशी पूर्ण होते, नकाशा पाहून होतो, आणि मग घरात नेहमीचा संवाद झडतो. “आम्हाला काय करायची खिडकी? आम्हाला फक्त झोपायचे आहे. ती सूनबाईंना द्या,” असे वडीलधारे म्हणतात. ज्या पिढीने पंगतीत शेवटी बसणे आणि दुकानात शेवटी निघणे हाच धर्म मानला, तिच्या तोंडी हे वाक्य शोभते. पण येथे ते मानू नये. दिवसा खोलीत कोण असणार, हा प्रश्न विचारला की खिडकी कोणाची हे आपोआप ठरते. पन्नास वर्षे हिशेब शिकवलेल्या वडिलांना मुलाने हाच हिशेब कागदावर मांडून दाखवावा. प्रेमाने केलेला आग्रह ते मोडून काढतील; बरोबर मांडलेला हिशेब मात्र व्यापारी माणूस सहसा नाकारत नाही.