सिस्टर, जरा एक विचारायचं होतं...

प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक वाड्यात आणि जवळजवळ प्रत्येक गोतावळ्यात एक तरी सिस्टर असते. सरकारी रुग्णालयात, नाहीतर एखाद्या खासगी नर्सिंग होममध्ये ती नोकरी करते. रात्रपाळी संपवून सकाळी नऊला ती जिना चढू लागते, तेव्हा पहिल्या मजल्यावरचं दार हमखास उघडतं. ‘सिस्टर, जरा एक विचारायचं होतं...’

हे ‘एक’ कधीच एक नसतं. ‘सासूबाईंचं वय ६८, वजन ५४ किलो. आज संकष्टी, चंद्रोदय रात्री सव्वानऊला, तोवर जेवण नाही. सकाळी दोन केळी आणि अर्धी वाटी साबुदाणा झालाय. काल उपाशीपोटी शुगर २१२ होती. तर संध्याकाळचं इन्सुलिन १८ युनिट द्यायचं की १४?’ दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं पोटाचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेले असतात. डावीकडच्या तिसऱ्या टाक्याजवळ किंचित लाली आहे, पण दुखत नाही. मग तो टाका उद्या काढला तर चालेल की सोमवारी? तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाला १००.४ ताप आहे. त्याला औषध पाऊण चमचा द्यायचं की एक?

विचारणाऱ्याला वाटतं, आपण सगळा तपशील दिला आहे, आता उत्तर द्यायला अडचण कसली? सिस्टरची मात्र ‘इकडे आड, तिकडे विहीर’ अशी अवस्था होते. ‘मला सांगता येणार नाही’ म्हटलं, तर ‘एवढं शिकलीय, पण दोन शब्द सांगायला जड जातं’ असा शेरा जिन्यातच कानावर येतो. अंदाजाने काही सांगितलं आणि काही बिघडलं, तर ‘सिस्टरनीच सांगितलं होतं’ हे वाक्य तयारच असतं. तिची चिडचिड होते. पण ती कंटाळ्यापेक्षा या भीतीपोटी जास्त असते.

ही भीती अनाठायी नाही. सासूबाईंच्या इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांमध्ये मिळतं. एका प्रकारात एक मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, दुसऱ्यात १००. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. ४० वाल्या सिरिंजचं टोपण लाल असतं, १०० वालीचं नारिंगी. आता बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची असेल, तर २० च्या खुणेपर्यंत भरलेलं औषध प्रत्यक्षात ५० युनिट होतं. म्हणजे अडीचपट! बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची असली, तर त्याच खुणेला फक्त ८ युनिट जातात. वय, वजन, साबुदाणा, चंद्रोदय सगळं सांगून झालं, पण बाटली आणि सिरिंज कुठली, हे सांगायचं राहिलं. शिवाय इन्सुलिन लवकर उतरणारं आहे की दिवसभर पुरणारं, सोबत गोळ्या चालू आहेत का, मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय, हे प्रश्न उरतातच. ही सारी माहिती ज्याच्या कागदांत आहे, त्या डॉक्टरांशिवाय उपासाच्या दिवशीचा डोस कोण ठरवणार?

बाळाच्या तापाचंही तेच. पॅरासिटामॉलचं पातळ औषध निरनिराळ्या तीव्रतेत मिळतं. काही बाटल्यांत ५ मिलिलिटरमध्ये सुमारे १२० मिलिग्रॅम औषध असतं, काहींत २५०. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असू शकतं. ‘एक चमचा’ म्हणून ५ मिलिलिटर थेंब पाजले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातील, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. त्यातून घरातले चमचे सारखे नसतात, आणि लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो. टाके चेहऱ्यावरचे असतील तर साधारण पाच दिवसांनी निघतात, पोटावरचे सात ते दहा, सांध्यावरचे दहा ते चौदा. काही टाके विरघळणारे असतात, ते काढावेच लागत नाहीत. आणि जखमेजवळची लाली डोळ्यांनी पाहावी लागते, हाताने चाचपावी लागते. जिन्यात उभं राहून यांवर उत्तर देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

शिवाय ज्याचं काम त्याने करावं, असा नियमही आहे. परिचर्येचं शिक्षण काही थोडंथोडकं नसतं. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली, ती या शिक्षणाला देशभर सारखा दर्जा मिळावा म्हणूनच. पण वॉर्डात औषध देणं, रुग्णावर लक्ष ठेवणं, बदल टिपून डॉक्टरांना कळवणं ही सिस्टरची कामं. कुठलं औषध आणि किती, हे डॉक्टर लिहून देतात. फोनवरून सल्ला देण्याबाबत मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होत्या. आणि फोनवर भागेल की रुग्णाला प्रत्यक्षच पाहावं लागेल, हे ठरवण्याचं काम त्यातही डॉक्टरांवरच सोपवलेलं आहे.

मग लोक सिस्टरलाच का गाठतात? याचं उत्तरही प्रामाणिकपणे शोधायला हवं. डॉक्टरांच्या खोलीबाहेर पन्नास माणसं ताटकळत असतात. आत गेल्यावर दोन मिनिटं मिळतात, त्यात निम्मं बोलणं सुचत नाही. डिस्चार्जच्या दिवशी सगळं लक्ष बिलाकडे आणि रिक्षाकडे. हातात पडलेला कागद इंग्रजीत, त्यातलं अक्षर दिव्य. ‘पुन्हा विचारलं तर डॉक्टर रागावतील’ हा धाक वेगळाच. घरी आल्यावर प्रश्न उभे राहतात, आणि समोर दिसते ती आपल्या भाषेत बोलणारी, न रागावणारी, फी न घेणारी सिस्टर. तेव्हा दोष एकट्या विचारणाऱ्याचा नाही. रुग्णाला घरी पाठवताना पाच मिनिटं बसवून नीट समजावून सांगणारं रुग्णालय असेल, तर जिन्यातले निम्मे प्रश्न उद्भवणारच नाहीत.

तपशील देणं वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात मोघम प्रश्नांवर चांगलीच टीका केली आहे. ‘रात्र बरी गेली का?’ असं विचारून काही कळत नाही. रुग्ण किती तास झोपला आणि रात्रीच्या कोणत्या वेळी, हे विचारावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे जिन्यातल्या वहिनींनी जे बारकावे टिपले, ते मोलाचेच आहेत. फक्त ते चुकीच्या दारात रिकामे केले जातात. हीच माहिती एका वहीत तारीख-वेळेसह लिहून इलाज करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवली, तर डॉक्टरांचीही दोन मिनिटं सत्कारणी लागतील.

एक साधा भेद लक्षात ठेवला तरी पुरे. ‘कसं करायचं?’ हे सिस्टरला जरूर विचारावं. सिरिंज कशी भरायची, इन्सुलिन फ्रिजमध्ये कुठे ठेवायचं, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना दर दोन तासांनी कूस कशी बदलून द्यायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय पाहायचं. या बाबतीत तिच्याएवढं जाणकार माणूस मिळणं कठीण. स्वयंपाकघरात हात पुसत ती आनंदाने दाखवून देईल. पण ‘किती द्यायचं, कधी बंद करायचं, बदललं तर चालेल का?’ हे प्रश्न इलाज करणाऱ्या डॉक्टरांचे. उपास असो, लग्नाला जायचं असो की प्रवास असो, ते आधीच विचारून ठेवावं. डिस्चार्ज घेताना चार गोष्टी मराठीत लिहून घ्याव्यात: कुठलं औषध कशासाठी, जेवणाआधी की नंतर, काय दिसलं तर लगेच यायचं, आणि शंका आली तर फोन कुणाला करायचा.

काही वेळा मात्र कुणालाच विचारत बसू नये. मधुमेहाच्या रुग्णाला दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, बोलणं असंबद्ध झालं आणि तो शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर लगेच साखर किंवा साखरपाणी द्यावं. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. अशा वेळी, किंवा छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं असं काही दिसलं, तर १०८ ला फोन करावा नाहीतर जवळचं रुग्णालय गाठावं. शेजारची सिस्टर धावून येईलच. पण ती येईपर्यंत थांबण्यात वेळ घालवू नये.

आणि ‘हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा’ असं ती म्हणाली, तर तो शिष्टपणा समजू नये. हे सांगायलाही शिक्षण लागतं, आणि थोडं धैर्यही. आपल्या माणसाचा जीव तिला आपल्याइतकाच मोलाचा वाटतो, एवढाच त्याचा अर्थ.