मेलेली कोंबडी कोणाच्या ताटात?
(जाहीर आवाहन)



गेल्या रविवारी भर दुपारी मंडईमागच्या गल्लीत ब्रॉयलरची गाडी आली. क्रेटवर क्रेट रचलेले, वर ताडपत्रीसुद्धा नाही, पाण्याचा तर पत्ताच नाही. खालच्या क्रेटमधले कितीतरी पक्षी मेलेले. दुकानातल्या पोराने ते बाजूला काढले, सोलले, तुकडे करून काळ्या पिशव्यांत भरले आणि पिशव्या स्कूटरवरून रवाना झाल्या. कुठे, असं विचारलं तर उत्तर आलं, "चायनीजच्या गाड्यांवर. तुम्हाला काय करायचंय?"

आम्हाला पुष्कळ काही करायचंय. म्हणून हे पत्रक.

कायदा नाही असं कोणी सांगू नये. गाडीत क्रेट एकमेकांवर रचू नयेत, उन्हाळ्यात दर सहा तासांनी पक्ष्यांना पाणी मिळावं, हे जनावरांच्या वाहतुकीच्या नियमांतच लिहिलंय. हालचाल करता येणार नाही एवढ्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणं १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तरीही अंड्याच्या कोंबडीच्या वाट्याला बॅटरी पिंजऱ्यात साध्या ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. विधी आयोगाने २०१७ साली यावर अख्खा अहवाल दिला. पुढे काय झालं, ते कोणत्याही लेअर फार्मवर जाऊन बघा!

दाटीवाटीत रोग येणारच, आणि रोगाच्या भीतीने औषधं खाद्यातूनच चारली जातात. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ साली राजधानी परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले. ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन कोंबड्यांना देऊ नका, हे सांगायला केंद्र सरकारला २०१९ साल उजाडावं लागलं. बर्ड फ्लूने २००६ साली नवापूरचे शेडच्या शेड रिकामे केले, २०२१ साली पुन्हा तेच. आपण शिकलो काय?

"शिजवलं की सगळं मरतं" म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं: औषधाचा अंश मरतो का? आणि कच्च्या चिकनच्या पाटावर चिरलेली कोशिंबीर कोण शिजवतं? "तुम्ही शाकाहारवाले" हा आरोप तर हास्यास्पद आहे. आमच्या समितीतल्या बहुतेकांच्या घरी रविवारी रस्साच असतो. शेतकऱ्याशीही आमचं भांडण नाही. करारावर पक्षी सांभाळणाऱ्याला पिल्लं, खाद्य, औषधं सगळं कंपनीच देते. २०२० मध्ये कोरोनाच्या अफवेने भाव कोसळले तेव्हा भरडला गेला तोच. जाब वरच्यांना विचारायचाय.

तेव्हा आजपासून:

१. दुकानात १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक लावलेला नसेल तर खरेदी नाही.
२. पक्षी जिवंत आणि धडधाकट पाहूनच घ्या. आधीच कापून ठेवलेला स्वस्त माल नको.
३. मान कापून तडफडता पक्षी ड्रममध्ये फेकणारा, बाकीच्या पक्ष्यांसमोर कापणारा दुकानदार दिसला तर तिथल्या तिथे टोका. गप्प राहणारं गिऱ्हाईकही यात सामील आहे.
४. रचलेले क्रेट, मेलेले पक्षी दिसले की तारीख-वेळेसह फोटो काढा, गाडीचा नंबर टिपा. मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, छळाची पोलिसांकडे. पोचपावती घेतल्याशिवाय परत फिरू नका.
५. हॉटेलात, गाडीवर विचारा: चिकन कुठून आणता? बिल दाखवा.
६. फार्मवाल्यांनो, औषध बंद केल्यावर ठरलेले दिवस जाऊ द्या, मगच पक्षी विका. नोंदवही ठेवा. तुमच्या मालाची जाहिरात आम्ही फुकट करू.

दूधभेसळीविरुद्ध याच समितीने दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या. तेव्हाही "तुमच्याने काय होणार" म्हणणारे होतेच. भेसळवाल्यांनी गाशा गुंडाळला. म्हणणारे अजून कट्ट्यावरच बसलेत.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता मंडईच्या कमानीपाशी जमा. तिथून सगळे मिळून दुकानादुकानात परवाना विचारायला जाऊ. पोराबाळांना काय खाऊ घालतो याची ज्याला फिकीर आहे, त्याने घरी बसू नये.

आपली,
नागरिक ग्राहक समिती