कोणत्या क्षेत्राला?

आपल्या समाजातल्या बाईने बॅग भरली की पहिला प्रश्न ठरलेला: "कोणत्या क्षेत्राला?" उत्तर बावनगजा, मुक्तागिरी, सिद्धवरकूट असं काही असलं तर शेजारीण पर्समधून दहाची नोट काढते आणि "माझ्या नावाने भंडारात टाका हो" म्हणते. उत्तर "धबधबा बघायला" असलं तर नोट पर्समध्येच राहते आणि दुसरा प्रश्न येतो: "बरोबर कोण?" त्यावर "मैत्रिणी" म्हटलं की तिसरा प्रश्न येत नाही. तो नंतर, आपल्या पाठीमागे, मंदिराच्या पायऱ्यांवर विचारला जातो.

मला या तिसऱ्या प्रश्नाशी भांडायचं आहे. श्राविकेला डोंगर, नदी, पाणी बघायला जाण्यासाठी क्षेत्राचं निमित्त लागू नये. आणि जे निमित्त लावायला लावतात ते धर्म पाळतात असंही नाही. ते फक्त बाईला एक छोटं खोटं बोलायला शिकवतात. मी अशा कितीतरी जणी पाहिल्या आहेत ज्या मांडूचं हिरवं खोरं बघायला जीव टाकतात, पण घरी सांगताना "मांडवगडच्या मंदिरात दर्शन आहे" म्हणतात. दर्शन करतातही. पण देवाला साक्षीदार म्हणून उभं करायची गरज का पडावी?

गेल्या वर्षी दशलक्षण पर्व आटोपलं, क्षमावाणी झाली आणि आम्ही पाच जणी चार दिवसांसाठी निघालो. गाडी इंदूरहून भाड्याने घेतलेली. कॅराव्हॅन म्हणतात तिला, अमेरिकेत आरव्ही. तिकडे रिटायर झालेली जोडपी महिनोन् महिने त्यात राहतात, आणि आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरण आणलं. बेटम्यात गाडी दारासमोर उभी राहिली तेव्हा कुणाला ती रक्तदानाची वाटली, कुणाला निवडणुकीची. आत चार बर्थ, एक बाकडं ज्याचं रात्री पाचवं अंथरूण होतं, दोन शेगड्या, पाण्याची टाकी, आणि संडास.

या शेवटच्या शब्दावर नाक मुरडू नका. आपल्या यात्रांवरून परतलेल्या बायकांना आधी काय होतं ते कुठल्याही लेडी डॉक्टरला विचारा. पुरुष मोठ्या कौतुकाने सांगतात की बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. पीत नाहीत, कारण पुढे सोय कुठे आहे ते माहीत नसतं. पहाटे घोटभर, मग संध्याकाळपर्यंत कोरडं तोंड, आणि वर त्याला तप म्हणायचं. आमच्या गाडीत पाचही जणी तहान लागेल तेव्हा पाणी प्यायल्या. पन्नाशीनंतर असा प्रवास मी पहिल्यांदाच केला.

आता आक्षेपांकडे येते. पहिला खाण्यापिण्याचा. बाहेर गेलात की शुद्धी राहत नाही, रात्रीभोजन होतं, न गाळलेलं पाणी पोटात जातं. आक्षेप खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. पण या गाडीने तो मुळातच निकालात काढला. पाणी आम्ही गाळून घेत होतो, आणि जिथलं पाणी तिथेच जिवाणी सोडून मग गाडी हलवत होतो. महेश्वरला नर्मदेच्या घाटावर आमच्यातली एक गाळणं उलटं धरून उभी होती तेव्हा एक नावाडी विचारत होता, "बाई, कुछ गिर गया क्या?" सूर्य मावळायच्या आत आमची भांडी घासून व्हायची. दशम्या, खाखरे, फुटाणे, मोरावळा घरचा. शेगडीवर दूध, चहा आणि दिवसातून एकदा मुगाची खिचडी. कांदा-बटाट्याचा प्रश्नच नव्हता. हे सगळं मी निघण्याआधीच सांगितलं होतं. ऐकून घेतल्यावर आक्षेप घेणाऱ्यांनी आक्षेप मागे घ्यायला हवा होता. त्यांनी तो बदलला. म्हणजे अडचण पाण्याची नव्हतीच.

मग शास्त्र आलं. "हे अनर्थदंड आहे. निष्कारण हिंडणं." समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात प्रमादचर्येमध्ये निष्कारण जमीन खणणं, पाणी उधळणं, आग पेटवणं, झाडं तोडणं यांच्याबरोबर निष्कारण भटकणं आणि भटकवणं आहे, हे मलाही ठाऊक आहे, स्वाध्यायात मीही बसते. पण 'निष्कारण' हा शब्द कोण ठरवणार? उदयपूरच्या रिसॉर्टमध्ये तीन दिवसांचं लग्न, दोनशे पाहुणे, लॉनवर रात्री बारापर्यंत जेवण, आकाशात ड्रोन, हे सकारण. त्याला समाजाची अख्खी बस जाते, बायका जातात, दागिन्यांसकट जातात. आणि पाच बायांनी जामच्या दरवाज्यापाशी उभं राहून विंध्याचा कडा खाली निमाडात उतरताना बघितला तर ते प्रमाद? पाणी उधळणं आणि झाडं तोडणं त्याच यादीत आहे ना? मग यात्रेच्या बसमधून डोंगराच्या वाटेवर फेकलेले पत्रावळ्यांचे ढीग आणि पाण्याच्या बाटल्या कुणाच्या खात्यात लिहायच्या? मी एका क्षेत्राच्या उतारावर ते ढीग पाहिलेत. क्षेत्राचं नाव लिहीत नाही, कारण आपल्यातल्या प्रत्येकीला आपापलं आठवेल.

आणि शास्त्रच काढलंत तर दिग्व्रतही काढा. दहाही दिशांना आपण कुठवर जाऊ याची मर्यादा श्रावकाने स्वतः घालून घ्यायची, हे व्रत. स्वतः. दुसऱ्याने घातलेल्या मर्यादेला व्रत म्हणत नाहीत, त्याला कोंडणं म्हणतात. श्वेतांबर आगमांत उपासकदशा आहे. त्यातला आनंद श्रावक भगवान महावीरांकडून बारा व्रतं घेतो तेव्हा गाड्यांचीही मर्यादा घालतो: पाचशे प्रवासाच्या आणि पाचशे मालाच्या. (आमची एक होती, तीही भाड्याची.) पण मला त्या कथेतलं पुढचं आवडतं. आनंद घरी येऊन बायकोला "मी तुझ्याही वतीने व्रत घेतलं" असं सांगत नाही. तो शिवानंदेला जायला सांगतो. ती रथात बसून जाते, उपदेश ऐकते आणि आपली बारा व्रतं आपण घेते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईला आपल्या दिशा मोजायचा अधिकार होता. आज माझ्या ओळखीतल्या किती जणींनी दिग्व्रत स्वतः मोजून घेतलंय? बहुतेकींचं सासरी आल्याच्या दिवशी दुसऱ्यांनीच मोजून ठेवलेलं होतं.

"निदान चातुर्मासात तरी जायचं नाही," हा पुढचा. हा आक्षेप सासूबाईंच्या वयाच्या एका माउलीने घेतला म्हणून त्याचं उत्तर मी हळू आवाजात देते. पावसात जमिनीवर जीव जास्त असतात म्हणून मुनी आणि आर्यिका एका जागी थांबतात. ते फार सुंदर आहे. पण आपण गृहस्थ थांबतो का? महाराजांचा चातुर्मास दोनशे कोसांवर असला तरी दर्शनाला गाड्याच्या गाड्या त्याच पावसातून धावतात. त्या चाकांखालचे जीव काय वेगळ्या गणतीत येतात? आम्ही उलट ठरवलं होतं: हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, पाण्यात उतरायचं नाही, खडकावरून आणि रस्त्यावरून बघायचं. पातालपाणीला कठड्याच्या अलीकडून बघितलं. खाली उतरून पाण्यात धिंगाणा घालणारे पुष्कळ होते. चोरल नदी तिथे सुमारे तीनशे फूट खाली कोसळते, आणि माळव्यातले असले धबधबे उन्हाळ्यात नुसते काळे खडक असतात. पाणी बघायचं तर पावसाच्या आगेमागेच जावं लागतं; त्याला आमचा इलाज नाही.

मग सगळ्यात मोठं हत्यार निघतं: सुरक्षितता. ज्यांना आमच्याबरोबर पुरुष नाही याची काळजी होती त्यांनाच ड्रायव्हर पुरुष आहे याचीही काळजी होती. (साठीचा माणूस. रात्री गाडी कुठल्या तरी मंदिराच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात लावून बाहेर खाट टाकून झोपायचा.) मला इथे राजीमती आठवते, आपली राजुल. लग्नाच्या वरातीतून नेमिनाथ परत फिरले, तीही पुढे दीक्षा घेऊन गिरनारच्या वाटेला लागली. उत्तराध्ययन सूत्रात ती कथा आहे: वाटेत पावसाने गाठलं, ती भिजली, एका गुहेत शिरून ओले कपडे वाळवायला लागली, आणि त्या अंधारात आधीच बसलेला होता रथनेमी, नेमिनाथांचा सख्खा भाऊ, दीक्षा घेतलेला. त्याचं मन चळलं. राजुलने त्याला असं सुनावलं की तो ताळ्यावर आला. कथा सांगणाऱ्यांनी पुढे "म्हणून बायकांनी पावसात डोंगर चढू नये" असा नियम केला नाही. चळला त्याला सुधारलं. ती आपल्या वाटेने गेली. आपण मात्र दर वेळी रथनेमीला गुहेत तसाच बसू देतो आणि राजुलला घरी ठेवतो.

आणि आपल्या आर्यिका-साध्वी? अनवाणी, हमरस्त्याने, ट्रकांच्या कडेने हजारो किलोमीटर विहार करतात. इंदूर-अहमदाबाद रस्त्यावर, आमच्या बेटम्यावरून जाताना मी कितीदा त्यांना वंदन केलंय. मांगीतुंगीच्या डोंगरात २०१६ मध्ये ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती प्रतिष्ठित झाली, ती गणिनी आर्यिका ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने. एका बाईने त्या कड्याकडे बघितलं आणि तिला त्यात मूर्ती दिसली. बघू दिलं म्हणून दिसली ना? घर सोडलेल्या बाईला आपण डोंगर देतो, पाया पडतो. घरातल्या बाईने चार दिवस मागितले तर तिचं घर मोडायला निघालंय असं बोलतो.

धर्मशाळांबद्दल एकच सांगते. आमच्यातल्या दोघी पूर्वी एका क्षेत्रावर संध्याकाळी पोहोचल्या. वहीत "पती या पिता का नाम" असा रकाना, आणि खिडकीमागचा माणूस म्हणाला, "अकेली महिलाओं को कमरा नहीं देते, ट्रस्ट का नियम है." दोघी होत्या तरी अकेली! पंचावन्न वर्षांच्या, एकीच्या घराण्याने त्याच क्षेत्राला दान दिलेलं. म्हणून या वेळी चाकांवरची खोली.

घरी परतल्यावर मात्र एक नवाच धोका दिसला, त्याविषयी तुम्हाला सावध करते. गाडी बघून घरातल्या मंडळींचा विरोध एकदम मावळला. "अरे वा, यात तर किचन आहे! पुढच्या वेळी सगळे जाऊ. हॉटेलचा त्रास नाही, गरम फुलके." म्हणजे आमचा ओटा आमच्या मागे धावत मांडूपर्यंत येणार, आणि रूपमतीच्या महालातून सगळे खाली नर्मदेची रेघ शोधत असताना आम्ही दोन शेगड्यांवर अकरा माणसांचे फुलके लाटणार. नको. शेगडी आमच्यासाठी सोय होती, कारण तिच्यापुढे कोण उभं राहणार ते पाच जणी मिळून ठरवत होतो, आणि बरेचदा कुणीच उभं राहत नव्हतं. त्या दशम्या उगाच नव्हत्या नेल्या.

क्षेत्राला आमचा विरोध आहे असं कुणी समजू नये. बावनगजाला आम्ही गेलोच. चूलगिरीच्या कड्यात कोरलेले ८४ फुटी आदिनाथ. वर शिखरावरून इंद्रजित आणि कुंभकर्ण मोक्षाला गेले अशी आपली श्रद्धा. बसने मी तिथे तीनदा गेले होते: पोहोचा, अभिषेक, पूजा, जेवण, "चला चला, पुढचं क्षेत्र गाठायचंय." या वेळी आम्ही तिथे पूर्ण दिवस राहिलो. सातपुड्याच्या त्या सोंडा मला पहिल्यांदा नीट दिसल्या, आणि एवढी मोठी मूर्ती इथेच का कोरावीशी वाटली असेल ते थोडंसं कळलं. संध्याकाळी बडवानीजवळ राजघाटच्या बाजूला गेलो. सरदार सरोवराचं पाणी तिथवर चढलंय. त्या राजघाटावर गांधीजींच्या अस्थींची समाधी होती. २०१७ मध्ये ती तिथून हलवावी लागली. पाण्यात बुडालेल्या झाडांचे शेंडे दिसत होते. आमच्यातल्या एकीने विचारलं, "इथली माणसं कुठे गेली?" बडवानीत ती बसमधून किती वेळा येऊन गेली होती. हा प्रश्न तिला पडायला गाडी थांबावी लागली.

आपल्या पूर्वजांनी क्षेत्रं कुठे निवडली बघा: कडे, संगम, धबधबे. मुक्तागिरीला ५२ मंदिरं आणि मधून कोसळणारं पाणी. आपण मंदिरं मोजतो, बावन्न झाली की पाय दाबत खाली उतरतो. पाणी कुणी मोजत नाही.

यंदा क्षमावाणीनंतर तिसऱ्या दिवशी आम्ही मुक्तागिरीला निघतोय. मंदिरंही करू, पण दोन दिवस पाण्यासाठी राखून ठेवलेत. चार जणी नक्की आहेत, पाचवीच्या घरी अजून बोलणं चाललंय. तिचं जमलं नाही तर एक बर्थ रिकामा आहे. दशम्या आपापल्या आणायच्या, गाळणं मी घेते. "कोणत्या क्षेत्राला?" असं कुणी विचारलं तर मुक्तागिरी सांगायला हरकत नाही, पण "आणि धबधबा" हे जोडून सांगायचं, एवढी एक अट आहे.