आज्ञा कोणाची?

गेल्या वर्षी दोन वाक्ये आमच्या कानांवर पडली. पहिले एका व्याख्यानमालेत. वक्ते विद्वान होते, विषय एकोणिसाव्या शतकातील स्त्रीसुधारणेचा होता. पंडिता रमाबाईंचे नाव निघताच ते म्हणाले की, ह्या बाईंनी शास्त्रीपंडितांची आज्ञा झुगारली खरी, पण अखेर गोऱ्या पाद्र्यांची आज्ञा शिरसावंद्य मानली. धैर्य कसले, धनी तेवढा बदलला. सभागृहात टाळ्या पडल्या. दुसरे वाक्य एका ख्रिस्ती स्नेह्याकडे लग्नास गेलो असता प्रार्थनामंदिरात ऐकले. उपदेशक वधूवरांस सांगत होते की, ख्रिस्ती जीवन म्हणजे आज्ञापालन, आणि आज्ञापालन म्हणजे वडीलधाऱ्यांनी व मंडळीने आखून दिलेल्या वाटेने प्रश्न न विचारता चालणे.

हे दोघे एकमेकांस भेटले असते तर मोठी वादावादी झाली असती ह्यात शंका नाही. तथापि मुख्य मुद्द्यावर दोघांचे पूर्ण एकमत आहे. आज्ञा पाळणारा मनुष्य म्हणजे आपले मन दुसऱ्याच्या स्वाधीन करून मोकळा झालेला मनुष्य, अशी दोघांचीही समजूत आहे. एक त्याला हिणवतो, दुसरा त्याला वाखाणतो, इतकाच काय तो भेद. आमचा वाद ह्या समजुतीशी आहे, म्हणून तो दोघांशीही आहे. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही. परंतु तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविताना बायबल वाचल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि गरजेपोटी धरलेला तो ग्रंथ पुढे आवडीने हाती राहिला. त्या वाचनाच्या आधारावर आम्ही असे म्हणतो की, ज्या आज्ञापालनास धैर्य लागत नाही ते आज्ञापालन ह्या नावास पात्रच नाही.

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'मूल ऐकत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या कानांत दोष आहे असे आपणांस सुचवावयाचे नसते. ऐकणे ह्या एकाच क्रियापदात श्रवण आणि पालन हे दोन्ही अर्थ सुखाने नांदत आहेत. संस्कृतातील 'शुश्रूषा' ह्या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातून निघाला. बायबलाच्या मूळ भाषांतही हाच प्रकार आढळतो. हिब्रूतील 'शामा' म्हणजे ऐकणे आणि मानणेही. आज्ञापालनाला असलेला ग्रीक शब्दही ऐकण्याच्याच धातूवरून आलेला आहे. तेव्हा आज्ञापालनाचे पहिले अंग श्रवण हे होय, आणि श्रवण ही गोष्ट दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. ज्याने स्वतः कान दिला नाही त्याने पाळले ते काय? त्याने ऐकीव गोष्ट पाळली.

आता उपदेशकांच्या ग्रंथाकडे वळू. अब्राहाम हा त्यांच्या श्रद्धेचा आद्य पुरुष. त्याला झालेली पहिली आज्ञा देश, गोत आणि बापाचे घर सोडण्याची होती, आणि जावयाच्या ठिकाणाचे नावही त्याला सांगण्यात आले नव्हते. म्हणजे ह्या परंपरेतील आज्ञापालनाचा आरंभच वडीलधाऱ्यांच्या वाटेवरून बाजूला होण्यात आहे! येरुशलेमेतील धर्मसभेने प्रेषितांस येशूच्या नावाने शिकविण्याची मनाई केली, तेव्हा मनुष्यांच्या आज्ञेपेक्षा देवाची आज्ञा वरची असे सांगून त्यांनी ती मनाई मोडली व फटके खाल्ले. ही सभा परकी नव्हती. त्यांच्याच धर्मातील सर्वोच्च अधिकाऱ्यांची होती. आणि प्रश्न न विचारण्याविषयी म्हणाल, तर पकडला जाण्यापूर्वीच्या रात्री खुद्द येशूने गेथशेमाने बागेत आपल्यावरचा प्याला टळावा अशी तीन वेळा प्रार्थना केली. जेथे गुरूने विनवणी केली, तेथे शिष्यांस तोंड उघडण्याची बंदी कोणत्या न्यायाने? पौलाने सत्ताधीशांच्या अधीन राहण्याविषयी लिहिले आहे, हा आधार कोणी पुढे करील. पण तोच पौल त्याच सत्तेच्या तुरुंगांत अनेकदा पडला होता, हे विसरून त्याचे वचन वाचणे म्हणजे अर्धेच वाचणे होय.

ह्या कसोटीवर आता व्याख्यात्यांच्या आरोपाची परीक्षा करू. रमाबाईंनी खरोखर केवळ धनी बदलला काय? २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा व त्यांच्या लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. आईबाप व बहीण ह्यांना दुष्काळाने पूर्वीच नेले होते. भाऊ गेला होता. नवराही आदल्या वर्षी गेला होता. पंचविशीतील ही विधवा परक्या देशात, परक्या भाषेत, मठातील सिस्टरांच्या आश्रयास होती. अन्न त्यांचे, छप्पर त्यांचे. धनी बदलणाऱ्याने मुकाट्याने मान लववावी अशी परिस्थिती ह्याहून दुसरी कोणती असणार?

परंतु घडले ते निराळे. रमाबाई आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन ह्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला आहे. ज्यांना वाटेल त्यांनी तो पाहावा. जेराल्डीनबाईंना त्या प्रेमाने 'आजीबाई' म्हणत, आणि आजीबाईंशीच पानोपानी वाद घालीत. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमच्या देशातील लोकांना जी भाषा समजत नाही तिच्याऐवजी संस्कृत का नको, हा त्यांचा प्रश्न. मांसाशन त्यांनी केले नाही. हा जुन्या जातीचा अभिमान आहे असा ठपका आला, तरी आपला आहार सोडला नाही. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी मनात संशय होते ते त्यांनी लपविले नाहीत. बुद्धीस पटल्यावाचून तोंडाने कबूल करण्यास त्या तयार नव्हत्या. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात असता त्यांनी मुलग्यांस शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला, आणि मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांनी हिंदी स्त्रीने असे करू नये म्हणून विरोध दर्शविला. रमाबाईंना तो विरोध मुळीच मानवला नाही. एका धर्माधिकाऱ्याच्या जोखडातून महत्प्रयासाने मोकळी झालेली मान दुसऱ्याच्या जोखडाखाली आपण देणार नाही, असा त्यांच्या उत्तरांचा आशय आहे. ख्रिस्ताची आज्ञा आणि चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा ह्यांत त्यांनी रेघ ओढली, तीही ज्यांचे अन्न खात होत्या त्यांच्यासमोर. व्याख्यात्यांनी ही पत्रे वाचली असती तर ते वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नसते, आणि त्या उपदेशकांनी वाचली असती तर त्यांचेही निघाले नसते.

येथे कोणी १८९३ सालच्या शारदा सदनाच्या प्रकरणाकडे बोट दाखवील. त्या प्रकरणास बगल देणे आम्हांस योग्य वाटत नाही. सदन १८८९ च्या मार्चात मुंबईत निघाले व पुढच्या वर्षी पुण्यास आले. तेथे कोणावरही धर्म लादला जाणार नाही असा बोलबाला होता, आणि त्याच भरवशावर लोकांनी आपल्या विधवा लेकीबाळी तेथे ठेवल्या. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसत. त्यावरून मोठे वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, रानडे व भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागारपद सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांच्या भीतीस आम्ही खोटी म्हणणार नाही. ज्या बाईने आश्रय दिला तिच्या श्रद्धेचे वजन निराधार मुलीच्या मनावर पडल्यावाचून राहत नाही, आणि रमाबाईंनी हे अधिक ध्यानात घ्यावयास हवे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण प्रस्तुत प्रश्न वेगळा आहे. त्यांनी हे गोऱ्यांच्या आज्ञेवरून केले काय? सदनाला पैसा पुरविणारी बोस्टनची मंडळी सदन कोणत्याही पंथाचे नसावे ह्याच मताची होती. वर्गणीदारांची मर्जी राखावयाची असती तर दार लावून घेणे हाच सोयीचा मार्ग होता. पुण्याचा मान राखावयाचा असता तरीही तोच. दोन्हीकडचे नुकसान डोळ्यांसमोर दिसत असता ज्या बाईने दार उघडे ठेवले, तिने चूक केली असे म्हणा, गुलामी केली असे मात्र म्हणू नका. शिवाय सदनातून बाहेर पडलेली प्रत्येक मुलगी ख्रिस्ती झाली असा जो समज आहे त्यास एकच उदाहरण पुरे. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ह्यांनी त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या हिंदूच राहिल्या, आणि महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी दैना झाली तिच्याविरुद्ध ह्याच 'गोऱ्यांच्या आज्ञाधारक' बाईंनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली, आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. मध्यप्रांतातील दुष्काळातून शेकडो मुली त्यांनी आणल्या, पाठोपाठ गुजराथच्या दुष्काळातून आणल्या. केडगावच्या माळावर उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनात १९०० च्या सुमारास दोन हजारांच्या आसपास माणसे जेवत होती. शेवटची कित्येक वर्षे त्या एकाच कामात गढून गेल्या. बायबल मूळ भाषांतून साध्या मराठीत आणावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि सदनातील बायकांकडून खिळे जुळवून घेऊन ते तेथल्याच छापखान्यात छापविले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. तो अनुवाद मंडळ्यांत रूढ झाला नाही हे खरे. तरी आमच्या मते त्यांच्या आज्ञापालनाचे सार ह्याच कामात आहे. ज्याची आज्ञा मानावयाची त्याचे शब्द कोणाच्याही मध्यस्थीवाचून ऐकले पाहिजेत, एवढ्यासाठी ह्या विदुषीने उतारवयात दोन नव्या लिपी गिरवल्या!

हे एकट्या रमाबाईंचेच आहे असे नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. पतीची आज्ञा हाच ज्या काळी स्त्रीचा धर्म, त्या काळी लक्ष्मीबाई नवऱ्यामागोमाग गेल्या नाहीत. त्या रडल्या, भांडल्या, दूर राहिल्या. परत आल्यावरही आपले सोवळे सांभाळीत राहिल्या. आणि मनास पटले तेव्हाच, म्हणजे पाच वर्षांनी, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' घरोघर वाचली जातात, पण ह्या पाच वर्षांचा अर्थ फार थोड्यांच्या ध्यानी येतो. आणि खुद्द टिळकांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही जागा होती. वय पंचावन्न, प्रकृती खालावलेली, पगार बंद. दोन वर्षांत ते वारले. पाऊल पुढे टाकणे म्हणजे काय, हे ह्या दांपत्याने ज्याच्या त्याच्या वेगाने दाखविले आहे.

एक आक्षेप मात्र खरोखर विचारात घेण्यासारखा आहे. जो तो आपल्या हट्टालाच देवाची आज्ञा म्हणू लागला तर? असे होते, आणि त्यापायी जगात अनर्थही झाले आहेत. अचूक कसोटी आमच्यापाशी नाही. पण दोन खुणा सांगता येतात. हट्टी मनुष्य आपल्या निश्चयाची किंमत दुसऱ्यांकडून वसूल करतो, आज्ञा पाळणारा ती आधी स्वतः भरतो. आणि हट्टी मनुष्याचे ऐकणे थांबलेले असते. आज्ञा पाळणारा वाद घालतो, पण समोरच्यास उत्तर देणे आपले कर्तव्य समजतो. रमाबाईंनी आजीबाईंस लिहिलेली लांबच लांब पत्रे ही दुसऱ्या खुणेची साक्ष आहेत. जिला केवळ आपलेच खरे करावयाचे असते ती इतकी शाई खर्च करीत नाही.

हा वाद शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांपुरता असता तर आम्ही त्यात वाचकांचा वेळ घेतला नसता. आमच्या सुशिक्षित घरांत, मग ती हिंदू असोत वा ख्रिस्ती, मुलाची सर्वांत मोठी स्तुती अजून कोणती? 'आमचा मुलगा शब्दाबाहेर नाही.' हे वाक्य आम्हीही आमच्या मुलाविषयी अभिमानाने उच्चारले आहे. तो सांगितलेल्या शाखेत गेला, सांगितलेल्या नोकरीत शिरला. एके दिवशी कचेरीत एका गरीब माणसाच्या कागदावर खोटा शेरा मारण्यास वरिष्ठांनी सांगितले, तेव्हा त्याने तो मारला. रात्री जेवताना तो म्हणाला, "बाबा, साहेबांनीच सांगितलं होतं." आमच्या घशाखाली घास उतरेना. वीस वर्षे जे शिकविले ते त्याने तंतोतंत पाळले होते. रागवावे तरी कोणावर?

म्हणून त्या उपदेशकांस आमची विनंती आहे की, पुढच्या लग्नात वधूवरांस अब्राहामाची गोष्ट पुरती सांगावी. व्याख्यात्यांस विनंती आहे की, टाळ्या घेण्यापूर्वी ती पत्रे वाचावीत. आणि आमच्यासारख्या आईबापांनी मुलाने 'का?' असे विचारले की त्यास गप्प बसवू नये. त्यास उत्तर द्यावे, आणि उत्तर नसेल तर आपली आज्ञा मागे घ्यावी.