पाठांतर ही पोपटपंची नव्हे



दोन दिवसांच्या वर्गात योगदर्शन कळत नाही, नुसती पोपटपंची होते, हा आपल्या वाचकाचा आक्षेप मला पटला नाही. वाशीतल्या अशाच शनिवार-रविवारच्या वर्गाला मी होते. योगदर्शनातली पतंजलींची सूत्रे चार पादांत मिळून १९५ (काही पाठांत १९६). त्यांत थेट आसनावरची जेमतेम तीन! आसनांपुरताच योग जाणणाऱ्यांना हे कोणी सांगायचे? शिवाय सूत्रांची रचनाच मुखोद्गत करण्यासाठी. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळत वर्गात गुरुजींमागून म्हणताना संधी कुठे सुटतो ते कानाला कळते, आणि अर्थ तिथूनच उलगडू लागतो. सूत्रांच्या पुढच्या अभ्यासाला कृष्णाजी केशव कोल्हटकरांचा 'भारतीय मानसशास्त्र' हा ग्रंथ मराठीतच आहे. अशा वर्गांचे शुल्क मात्र परवडणारे हवे, ही त्या वाचकाची मागणी रास्तच आहे.

– एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई