भाजणावळ

या जानेवारीत पुतण्याच्या गाडीतून चोरखमाऱ्याला जाऊन आले. गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यातलं हे गाव. आमच्या लहानपणी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता, १९९९ साली गोंदिया वेगळा झाला. नागझिऱ्याचं अभयारण्य १९७० चं. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, आणि आता चोरखमारा म्हटलं की लोकांना तलावाच्या आधी जंगलाचं गेट आठवतं. वाघ काही आम्हाला दिसला नाही. रानगवे दिसले, हरणं दिसली, थंडीनं नाक गळायला लागलं. पण मला आज जंगलाबद्दल लिहायचंच नाहीये. मिरचीबद्दल लिहायचंय.

परतताना चहाला थांबलो. टपरीच्या मागे चूल, चुलीवर लोखंडी कढई, आणि एक बाई लाल मिरच्या भाजत होती. गाडीचं दार उघडलं आणि आम्हा सगळ्यांना एकदम ठसका लागला. नातू डोळे चोळत परत गाडीत जाऊन बसला. मला मात्र कितीतरी वर्षांनी घरी आल्यासारखं वाटलं! जवळ जाऊन पाहिलं. अख्ख्या मिरच्या, देठ खुडलेल्या, थेंबभर तेल, चिमूटभर मीठ, मंद आच. एकही जळालेली नाही. मी विचारलं, "भिवापुरी का हो?" ती सरळ म्हणाली, "नाही बाई, आमच्या वाडीतल्याच आहेत." तिला हो म्हणता आलं असतं. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, नाव घेतलं की दर चढतो. ती खोटं बोलली नाही, तिथंच मला ती आवडली.

अर्धा किलो मागितल्या. तिनं एकशेऐंशी सांगितले. मी सवयीनं म्हटलं, "बाजारात एवढ्याला जवळजवळ किलोभर येते की." तर ती कढईतला झारा न थांबवता म्हणाली, "मिरचीचे कमी देजा बाई, पन खोकल्याचे त देजा."

मी हसले. तीही हसली. आणि हसत हसत मी तिला दीडशेच दिले.

नागपूरपर्यंत गाडीभर तो वास होता आणि डोक्यात तिचं वाक्य. कारण त्या खोकल्याचा भाव मला ठाऊक नाही असं थोडंच आहे? लग्नानंतर पंचवीस-तीस वर्षं दर उन्हाळ्यात आमच्या घरी पाच किलो मिरची मीच भाजली. मुलांना शेजारी पाठवायचं, सासूबाई ओसरीवर, हे बाहेर. तोंडाला ओला पदर बांधून मी एकटी आत. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिताना बोटं भगभगायची आणि चुकून डोळ्याला हात लागला तर विचारू नका. जेवताना सगळे म्हणायचे, यंदा तिखट छान झालंय. तिखट छान झालं होतं, मी भाजलं होतं असं कोणी म्हटल्याचं आठवत नाही. आणि त्याच मी, चोरखमाऱ्याला तीस रुपये वाचवले.

आता या ठसक्यामागचं शास्त्रही आपल्याला कळलंय. मिरचीतला तिखटपणा म्हणजे कॅप्सायसिन. ते मिरचीत आतल्या पांढऱ्या शिरांत असतं, आपण उगीच बियांना दोष देतो. आपल्या शरीरात उष्णतेचा चटका ओळखणारा जो ग्राहक आहे, त्यालाच ते चेतवतं. म्हणून तिखटाला आपण आग होते म्हणतो ते अगदी बरोबर आहे. हा ग्राहक १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल विभागून मिळालं. मिरची भाजताना धुराबरोबर तेच कॅप्सायसिन हवेत येतं आणि नाकाघशात जातं. म्हणजे भाजणारी बाई नुसत्या धुरात नसते, ती आपल्या वाट्याची थोडी आग आधी स्वतः गिळत असते. आपल्या हातात येते ती तिनं निववलेली मिरची.

पुतण्याचं म्हणणं वेगळं होतं. "काकू, पर्यटक बघून दर लावतात हे लोक. भाव करायलाच हवा." असेलही. पण मी त्याला विचारलं, सकाळी गेटावर प्रवेशाचे, जिप्सीचे, गाइडचे पैसे भरलेस, तिथं भाव केलास का? तो म्हणाला, तिथं पावती असते. अगदी बरोबर! पावती असेल तिथं आपण मुकाट्यानं पैसे देतो, आणि पावती नसेल तिथं आपला व्यवहारीपणा जागा होतो. आणि जिथं पावती नसते तिथं बहुतेक वेळा एखादी बाईच बसलेली असते.

बरं, भाजण्याचे वेगळे पैसे ही काही नवी कल्पना नाही. मुंबईत लालबागला मिरची गल्लीत लोक मिरच्या-मसाले घेतात, तिथंच भाजून घेतात, डंखावर कुटून घेतात, आणि त्या मजुरीचे वेगळे पैसे देतात. भाची अमेरिकेत असते. ती सांगते, न्यू मेक्सिकोत हॅचच्या हिरव्या मिरचीच्या हंगामात दुकानासमोर जाळीचे पिंप गॅसच्या ज्वाळांवर फिरवून मिरच्या भाजून देतात, लोक पोत्यानं नेतात आणि वर्षभर फ्रीजरमध्ये ठेवतात. आपल्या मराठीत तर यासाठी जुना, सुटसुटीत शब्दच आहे: भाजणावळ. दळणाची दळणावळ आपण गिरणीवाल्याला देतो, मग भाजणावळ द्यायला का जड जावं?

म्हणून माझं मत सांगते. प्रवासात मिरची घ्यायचीच तर भाजलेली आणि अख्खी घ्या. कच्ची सुकी मिरची आपण हौसेनं आणतो, पण फ्लॅटमध्ये भाजायची सोय नाही, शेजारी तक्रार करतात, आणि ती डब्यात बुरशी धरून केरात जाते. पूड घेतली तर आत काय आहे ते दिसत नाही. २००३ मध्ये युरोपात आपल्याकडून गेलेल्या तिखटात सुदान नावाचा रंग सापडला होता, आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये त्यापायी शेकडो पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. अख्खी मिरची मात्र आपली सगळी हकीकत अंगावर घेऊन येते. किडकी, जळकी, फिकी, सगळं डोळ्यांना दिसतं. पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या स्टीलच्या डब्यात भरा, गरम भरली की घाम धरते. लागेल तेवढी घरी कुटा.

आणि दर सांगितला तर मिरचीचा भाव करा हवा तर. खोकल्याचा करू नका.

असो. डबा अर्ध्यावर आलाय. पुतण्या पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर पुन्हा नागझिऱ्याला निघालाय. त्याच्याजवळ एकशेऐंशी आणि वर तीस, असे दोनशेदहा रुपये दिलेत. "वरचे तीस कसले म्हणून सांगू?" असं त्यानं विचारलं. म्हटलं, सांग, मागची भाजणावळ राहिली होती.