ईदची खरेदी आणि कार्डावरची सूट : आधी पैसा, मग कार्ड

कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न पूर्वी "भाव काय?" असा असे. आता ईदच्या खरेदीला आलेली तरुण मंडळी विचारतात, "कार्डावर किती सूट आहे?" हा प्रश्न गैर नाही. मिळणारी सूट सोडू नये, हा व्यापाराचा साधा नियम आहे. परंतु ही सूट कोण देतो, कशासाठी देतो आणि शेवटी ती कोणाच्या पदरात पडते, याचा हिशेब आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी एकदा मांडला पाहिजे.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावचे कापड दुकानदार नागपूरच्या गांधीबागेतून माल उचलतात. तेथे नगदी दिली तर ठोक व्यापारी बिलातून काही रक्कम कापतो, उधारीवर माल घेतला तर कापत नाही. सूट किंवा मुदत, दोहोंपैकी एकच गोष्ट मिळते. क्रेडिट कार्डवाली बँक मात्र सूटही देते आणि सुमारे ४५ ते ५० दिवसांची मुदतही देते. एवढी मेहेरबानी कशाच्या जोरावर? एक तर प्रत्येक बिलामागे दुकानदाराकडून टक्का-दोन टक्के कापले जातात. दुसरे म्हणजे, शंभर कार्डधारकांपैकी काही जण वेळेवर पूर्ण बिल भरणार नाहीत, हे बँकेला ठाऊक असते. त्यांच्या व्याजावर हा कारभार चालतो.

आता आकडे पाहा. समजा, एका कुटुंबाने ईदसाठी २०,००० रुपयांची खरेदी केली. जाहिरातीत १० टक्के सूट लिहिली आहे, पण खाली बारीक अक्षरांत "जास्तीत जास्त १,५०० रुपये" असेही आहे. म्हणजे बिल १८,५०० रुपयांचे झाले. ठरलेल्या तारखेपर्यंत सारे पैसे भरले, तर १,५०० रुपये खरोखर वाचले.

पण बिलावर "किमान रक्कम" नावाचा एक लहान आकडा छापलेला असतो. तेवढाच भरला की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात विलंब-शुल्क तेवढे टळते, उरलेल्या रकमेवर व्याज सुरूच राहते, आणि तेही खरेदीच्या दिवसापासून. बऱ्याच कार्डांवर व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के असतो. १८,५०० रुपयांवर एका महिन्याचे व्याज सुमारे ६४८ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ११७ रुपये. एकूण ७६५. दोन महिन्यांत १,५३० रुपये गेले आणि मिळालेली सूट पूर्ण संपली. तिसऱ्या महिन्यापासून घरचे पैसे जाऊ लागतात. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज आणि वर वेगळे शुल्क.

कायदा आपल्याला वाचवील, या भरवशावरही राहू नये. वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला.

"नो कॉस्ट ईएमआय" हा दुसरा मोहक शब्द. शून्य टक्क्यांच्या नावाखाली व्याज इतर शुल्कांत लपवले जाते, म्हणून रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच अशा योजनांना हरकत घेतली होती. आज बहुतेक ठिकाणी व्याजाइतकी रक्कम कंपनी किंवा दुकानदार सूट म्हणून आधी कापतो. बँक मात्र हप्त्यात व्याज लावते, त्यावर जीएसटी घेते आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही घेते. जो बंधू व्याजापासून दूर राहू इच्छितो, त्याने बिल उघडून पाहावे. "नो कॉस्ट"च्या हप्त्यातही व्याजाची ओळ छापलेली आढळेल. शिलाई मशीन हप्त्याने घेणाऱ्या दर्जी बांधवांनी तर रोखीचा शेवटचा भाव विचारल्याशिवाय सही करू नये.

व्याजाची अट असलेल्या करारावर सहीच करू नये, असे काही उलेमांचे मत आहे. पूर्ण रक्कम मुदतीत भरण्याची खात्री असेल तर हरकत नाही, असे इतर काही सांगतात. हा निर्णय ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून करावा. पण थकवून व्याज भरणे दोन्ही मतांत बसत नाही, आणि व्यापाराच्या हिशेबातही बसत नाही.

मग मार्ग कोणता? आधी पैसा, मग कार्ड. ईद अचानक येत नाही. दरमहा १,८०० रुपये बाजूला ठेवले तर ११ महिन्यांत १९,८०० रुपये जमतात. आपल्या भगिनी भिशीतून हे वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. पैसा खात्यात तयार असेल, तर कार्ड वापरा, सूट घ्या आणि बिल येताच पूर्ण भरा. पैसा तयार नसेल तर ती सूट आपल्यासाठी नाही, असे समजा. अनेक सवलती डेबिट कार्डावरही असतात, तेथे व्याजाचा प्रश्नच येत नाही. पॉइंट जमावेत म्हणून खरेदी वाढवू नका. अनेक कार्डांवर एका पॉइंटची किंमत २५ पैसे किंवा त्याहूनही कमी असते.

आपल्या जिल्ह्यात या सावधगिरीचे आणखी एक कारण आहे. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी अलीकडे सरकते. २०२५ मध्ये रमजान ईद ३१ मार्चला आणि बकरी ईद ७ जूनला होती. पुढील काही वर्षांत रमजान ईद फेब्रुवारीकडे येईल, म्हणजे कापसाचे चुकारे हाती पडण्याच्या दिवसांत. बकरी ईद मात्र मे महिन्यात येत राहील. तेव्हा शेतकरी बी-बियाण्यासाठी पैसा राखून ठेवतो आणि आमची विक्री थंडावते. तंगीच्या त्या दिवसांतच कार्ड सर्वांत गोड वाटते. म्हणून बकरी ईदची तजवीज चुकाऱ्याच्या हंगामातच करून ठेवावी.

नियमही माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देता येत नाही. थकबाकी नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण केली नाही, तर बँकेला दररोज ५०० रुपये दंड द्यावा लागतो. वापरात नसलेले कार्ड वार्षिक शुल्क भरत सांभाळण्याचे कारण नाही.

शेवटी दुकानदार बंधूंना एक विनंती. मोबाईलवरच्या सवलतींनी गिऱ्हाईक पळवले, अशी तक्रार करून भागणार नाही. बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या रकमेवर आपल्याला शुल्क पडत नाही. क्रेडिट कार्डावर जे टक्का-दोन टक्के आपण सोडतो, तेच रोख किंवा यूपीआयने देणाऱ्याला उघडपणे सूट म्हणून द्या आणि तशी पाटी गल्ल्यापाशी लावा. गिऱ्हाइकाचे पैसे वाचतील, त्याच्या डोक्यावर कर्ज राहणार नाही, आणि चाँदरातीला तो पुन्हा आपल्याच दुकानाची पायरी चढेल.